राखणीच्या कुत्रीचं नसबंदीचं ऑपरेशन कधी करावं?

माणदेशी: चाळीस मेंढरं अन् राखणीला कुत्री चंपी, कारवानी जातीची, १० महिन्यांची. अजून माजावर आली नाही. डॉक्टर म्हणतात आत्ताच उरका. आबा म्हणतात, मग ती लांडग्यापुढं उभी राहणार नाही. दिवाळीनंतर वाडा (मेंढरांचा फिरता तळ) कोकणात उतरवायचाय. काय करू?

बाभूळबन: राखण कुठं जात नाही. माझी काळी ऑपरेशननंतर सहा वर्षं गोठ्यावर आहे. जाड मात्र झाली. चूक आमची, भाकरी कमी केली नाही. लांब पायांची जात, हाडं भरू द्या. सव्वा-दीड वर्षाची झाली की बघा. ऐन माजात नकोच, तेव्हा रक्तस्राव जास्त होतो. माज सरल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या.

घाटवाट: थांबा म्हणणं सोपं आहे. माज तीन आठवडे चालतो, वाड्यावर कुत्री बांधून ठेवणार कुठं? मी थांबलो, भादव्यात चुकलो, अन् ६३ दिवसांनी ऐन घाटात सात पिल्लं! दोन महिने राखण शून्य. तुमच्या जागी मी आत्ताच करीन, पण टाके सुकायला १४ दिवस कोरडी जागा हवी.

माणदेशी: कोरडी जागा म्हणजे बहिणीची पडवी. आबांना काळीचं सांगितलं. म्हणाले, "तिच्यापुढं लांडगा आलता का, ते विचार."