‘चित्र वाकडं दिसतंय’ म्हणजे नक्की काय? जुन्या गेमच्या पेटीसाठी शब्द हवेत

शहापूरकर
नाणं टाकून खेळायची जुनी व्हिडिओ गेमची पेटी घरी आणली आहे. आत 20 इंची पिक्चर ट्यूब आहे. बोर्ड चालतो, आवाज येतो, बटणं लागतात, पण चित्र धड नाही. डाव्या-उजव्या कडा मध्यावर आत ओढल्यासारख्या दिसतात, वरचा भाग दबलाय आणि सगळं चित्र जरा डावीकडे कललंय. दुरुस्ती करणाऱ्यासाठी एक पान मराठीत लिहून पेटीच्या दारावर आतून चिकटवायचं आहे. ‘डिस्टॉर्शन’साठी कोशात ‘विकृती’ आणि ‘विरूपण’ हे शब्द मिळाले. ‘चित्राची विकृती’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या मनात भलतंच येईल. तुमच्याकडे काय म्हणतात?

चिक्कोडीचे मास्तर
‘विकृती’ नको. पदार्थविज्ञानाच्या मराठी पुस्तकात तो शब्द आधीच वापरात आहे. प्रतिबल आणि विकृती ही जोडी आठवते का? ताण दिल्यावर तारेच्या लांबीत जो सापेक्ष बदल होतो, तिथे ‘विकृती’ म्हणतात. वैद्यकात ‘विकृतिविज्ञान’ आहेच. ‘विरूपण’ शास्त्रीय लेखात चालेल. तुमच्या पानाला शीर्षक म्हणून द्या हवं तर.

निपाणीचा मेकॅनिक
मास्तर, शीर्षकापुरतं ठीक आहे, पण ‘विरूपण’ वाचून मी पेचकस कुठं लावू? गिऱ्हाईक टीव्ही घेऊन यायचं तेव्हा ‘दबालंय’, ‘हालालंय’, ‘बाजू खाल्ल्यात’ असं सांगायचं. त्यातच निम्मं निदान असतं.

दबलंय म्हणजे उंचीत काहीतरी झालंय. व्हर्टिकलचे, म्हणजे चित्र वरून खाली पसरवणाऱ्या सर्किटचे, कंडेन्सर वाळलेले असतात, किंवा व्हर्टिकल आयसीच्या पायांना ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा, असतो. चित्राचा वरचा किंवा खालचा भाग दुमडून स्वतःवरच आला असेल तर ‘घडी पडलीय’ म्हणा, तो दबण्याचाच पुढचा प्रकार. सगळं चित्र मिटून मधोमध एकच पांढरी आडवी रेघ उरली तर ब्राइटनेस लगेच खाली आणायचा, नाहीतर त्या रेघेवर ट्यूबचा फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला उजळणारा लेप, जळतो आणि मग तो डाग कायमचा.

आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांत खास मॉनिटर नसून साध्या टीव्हीची चासी, म्हणजे आतली सर्किट, बसवलेली असते. ती सेकंदाला 50 फील्डसाठी, म्हणजे वरून खाली 50 फेऱ्यांसाठी, जुळवलेली, आणि गेमचा बोर्ड देतो साधारण 60. म्हणजे वरून खाली यायला 20 मिलीसेकंदांऐवजी 16.7 च मिळतात. चित्र काढणारा ट्यूबमधला किरण खालपर्यंत पोचायच्या आतच त्याला वर बोलावणं येतं. चित्र बुटकं होतं, तिथं काही बिघडलेलं नसतं. हाइटचा प्रीसेट, म्हणजे उंची जुळवायचा बोर्डावरचा छोटा खटका, फिरवा, गरज पडली तर व्हर्टिकल होल्डही. म्हणून पानावर ‘बुटकं’ आणि ‘दबलेलं’ वेगवेगळं लिहा. बुटकं म्हणजे सगळीकडून सारखं कमी. दबलेलं म्हणजे एकाच बाजूला दाटी, तिथं गोल वर्तुळ अंड्यासारखं दिसतं.

खानापूरकर
आमच्यात सुतारकाम आहे, तर माझं मत त्या अंगानं. सगळ्याला ‘वाकडं’ म्हणताय, तिथंच घोटाळा होतोय. फळीला बाक आला तर ती वाकडी. फळी सरळ आहे पण चौकट काटकोनात बसली नाही तर ती ‘गुण्यात नाही’. आणि चौकट गुण्यात आहे, पण भिंतीवर तिरपी ठोकली तर ती ‘कललेली’. या तिन्ही चुकांवर इलाज वेगळा असतो.

निपाणीचा मेकॅनिक
दादा, हेच मला म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हता. मॉनिटरलाही तंतोतंत लागू पडतंय.

कललंय: ट्यूबच्या मानेवरचा योक, म्हणजे किरण वळवणारी तारेची गुंडाळी, फिरलाय. मशीन बंद करून क्लॅम्पचा स्क्रू ढिला करा, योक थोडा फिरवा, परत आवळा. योकच्या पुढं रबराच्या पाचरी असतात, त्या निघाल्या तर रंगही बिघडतात. म्हणून त्यांना हात न लावता जेवढं फिरेल तेवढंच.

गुण्यात नाही, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद किंवा उलटं: योकच्या एका बाजूच्या गुंडाळीत काही वेढे शॉर्ट झालेत अशी शंका घ्यायची. प्रीसेट फिरवून ते बरं होणार नाही, योक बदलावा लागतो.

बाक आलाय, कडा आत आल्यात: ही वेगळीच भानगड, जरा सविस्तर सांगतो. किरण मानेतून निघतो आणि योकपाशी वळतो. तिथून पडद्याचा मध्य जवळ, कोपरे लांब. वळण तेवढंच, पण अंतर जास्त, म्हणून कोपऱ्यांकडं चित्र जास्त ताणलं जातं. कोपरे बाहेर आणि कडांचे मध्य आत, असं व्हायचंच. मोठ्या वळणाच्या, म्हणजे 110 अंशांच्या ट्यूबला त्यासाठी ईस्ट-वेस्ट करेक्शनची वेगळी सर्किट देतात. ती आडवी रुंदी वरपासून खालपर्यंत कमीजास्त करत राहते, मधोमध थोडी वाढवते. ती सर्किट गेली की कडा आत येतात. 90 अंशांच्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा योकच्या गुंडाळणीनंच काम भागवतात. तिथं कडा आत असतील तर आधी बघायचं, हा योक या ट्यूबचाच आहे का? दुसऱ्या ट्यूबचा काढून बसवला असेल तर सर्किटमध्ये कितीही शोधा, दोष सापडायचा नाही.

उद्यमबागवाला
त्या आत आलेल्या कडांना इंग्रजी नाव टाचणीच्या उशीवरून पडलंय आणि उलट्या दोषाला पिंपावरून. ‘टाचणीउशी विरूपण’ कोण लिहिणार? आमच्या फाउंड्रीत कास्टिंग सुटताना बाजू बाहेर आली की ‘पोट आलंय’ म्हणतात. भिंतीलाही पोट येतंच. तसं इथं ‘कडांना पोट आलंय’ आणि ‘कडा आत बसल्यात’ असं सरळ लिहावं. पण एक पथ्य पाळा. जुन्या ट्यूबची काचच बाहेर फुगीर असते. समोरून न बघता बाजूनं बघितलं की सरळ रेघही वाकडी दिसते. पोट काचेचं की चित्राचं, ते आधी ठरवा.

शहापूरकर
ते कसं ठरवायचं?

उद्यमबागवाला
बऱ्याच बोर्डांवर सर्व्हिस स्विच असतो. तो दाबला की चौकड्यांचं चित्र येतं. बरोबर समोर, ट्यूबच्या मध्याच्या उंचीला डोळा ठेवून बघा. चौकड्या सगळीकडं सारख्या रुंदीच्या असतील तर वाक काचेचाच आहे.

अथणीची अक्का
कन्नडमधलं पण सांगते, सीमेवर दोन्ही कानांनी ऐकावं लागतंय. माझ्या सासरी वाकड्याला ‘सोट्ट’ आणि ‘डोंकु’ दोन्ही चालतात. बसवण्णांच्या वचनात ‘डोंकु’ आहे आणि तो सरळ करायला ‘तिद्दु’ हे क्रियापद आहे, म्हणजे शब्द निदान 12 व्या शतकापासूनचा. पण खानापूरच्या दादांनी केलेला तीन प्रकारचा भेद ना ‘सोट्ट’मध्ये येतो ना ‘डोंकु’मध्ये. तुमचा मेकॅनिक कन्नड बोलणारा असेल तर शब्दाशेजारी छोटं चित्र काढून ठेवा. चौकोन, बाक आलेला चौकोन, कललेला चौकोन. बस्स.

चिक्कोडीचे मास्तर
अक्का, उत्तम सूचना. एक शंका मात्र ‘पेटी’बद्दल. बेळगावात पेटी म्हटलं की आधी हार्मोनियम डोळ्यांपुढे येते. ज्या गावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी हार्मोनियम शिकवली, तिथे ‘पेटी बिघडली आहे’ म्हणालात तर सूर लावणारा माणूस दारात उभा राहील. पानावर ‘गेमची पेटी’ असंच लिहा.

खानापूरकर
😄 सर, ‘मुस्तफाची पेटी’ लिहा, पोरं लगेच ओळखतील.

शहापूरकर
मुस्तफाचा गेमच आहे आत! बाजू थोड्या हलतातही. म्हणजे कडा सरळ न राहता सापासारख्या वळवळतात. त्याला काय लिहू?

निपाणीचा मेकॅनिक
‘कडा नागमोडी’. याच्याइतका चांगला शब्द इंग्रजीतही नाही, असं माझं मत. हा दोष योकचा धरू नका. पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कंडेन्सर थकलाय. आपली लाइट 50 हर्ट्झची, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधून गेल्यावर सप्लायमध्ये 100 हर्ट्झचा लहरा राहतो, कंडेन्सर तो गाळत नाही आणि आडवी रुंदी त्या तालावर कमीजास्त होते. टीव्हीत चित्र आणि लाइट दोन्ही 50 च्या तालात, म्हणून तिथं नागमोड जागेवर उभी दिसते. गेम 60 च्या आसपास, म्हणून ती वळवळते. तुम्ही ‘वळवळतात’ लिहिलंत त्यावरूनच कळलं.

ब्राइटनेस वाढवला की सगळं चित्र फुगतं, असंही होतंय का बघा. त्याला ‘फुगतंय’ लिहा, ‘पोट आलंय’ नको. फुगणं म्हणजे ट्यूबचा हाय व्होल्टेज टिकत नाही. पोट हा आकाराचा दोष, फुगणं हा मापाचा.

आणि पानावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात धोका लिहा. ट्यूबच्या बाजूला रबरी टोपी आहे, तिच्याखाली 20 हजार व्होल्टच्या घरात दाब असतो. पिन काढल्यावरही ट्यूब तो चार्ज धरून ठेवते. शिवाय टीव्हीची चासी असेल तर तिची अर्थिंगची बाजू थेट मेन्सला लागलेली असू शकते. मेन्सपासून वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसताना तिला गेमचा बोर्ड जोडू नये. ‘सावधान’ एवढं पुरत नाही, कारण लिहा.

चिक्कोडीचे मास्तर
‘सोल्डर’ला ‘झाळणे’ लिहावं का? जुना, रुळलेला शब्द आहे.

निपाणीचा मेकॅनिक
भांडी झाळतात, सर. बोर्डावर सोल्डरच मारतात. ‘इथे झाळा’ वाचून कुणी ब्लो लॅम्प घेऊन आला तर?

शहापूरकर
ठरलं. शीर्षकात ‘विरूपण’, खाली कललंय, गुण्यात नाही, कडा आत बसल्यात, पोट आलंय, बुटकं, दबलंय, घडी, नागमोडी, फुगतंय. प्रत्येकाशेजारी अक्कांनी सांगितल्याप्रमाणे चौकोन. एकच राहिलं: एका कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांना लाल आणि निळी किनार दिसते. हेही विरूपणात धरायचं का?

उद्यमबागवाला
नाही. आकार तोच आहे, तीन रंग एकमेकांवर बसले नाहीत. छापखान्यात असं झालं की ‘रंग सरकलाय’ म्हणतात, तेच लिहा. वेगळी ओळ करा.

निपाणीचा मेकॅनिक
आधी पेटीतला स्पीकर ट्यूबपासून लांब धरून बघा. उघड्या चुंबकाचा स्पीकर शेजारी असेल तर तेवढ्या कोपऱ्यात रंगही बिघडतो आणि चित्रही ओढलं जातं. त्यानं फरक पडला नाही, तरी मानेवरच्या चुंबकाच्या कड्या फिरवत बसू नका. कारखान्यात जुळवून त्यांच्यावर रंगाचा ठिपका किंवा लाख दिलेली असते. ती फुटली की परत जुळवायला अर्धा दिवस जातो.