‘यादी उलट्या क्रमाने लावा’ म्हणजे नेमके काय करा?

चौकस

प्रोग्रॅमिंगच्या एका प्राथमिक पाठमालेचे मराठीकरण चालू आहे. त्यात ‘लिस्ट रिव्हर्स करा’ या सूचनेसाठी मी ‘यादी उलटी करा’ असे लिहिले होते. तपासणाऱ्या सहकाऱ्यांना ‘उलटी करा’ हा प्रयोग ओंगळ वाटला, म्हणून त्यांनी त्याजागी ‘यादी उलट्या क्रमाने लावा’ असे केले. वाक्य कानाला बरे लागते यात शंका नाही. परंतु पाठ वाचून पाहणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी ३, ८, १, ५ या यादीचे उत्तर ८, ५, ३, १ असे काढले. अपेक्षित उत्तर ५, १, ८, ३ असे होते. पाठातले उदाहरण नेमके १, २, ३, ४ असे असल्यामुळे दोन्ही अर्थांनी उत्तर ४, ३, २, १ असेच येत होते आणि घोटाळा कोणाच्या लक्षात आला नाही.

सहकाऱ्यांच्या मते वाक्यात काहीच दोष नाही, विद्यार्थ्यांनी नीट वाचले नाही. माझे म्हणणे असे की ‘क्रम लावणे’ म्हणजेच मराठीत सॉर्ट करणे (लहान-मोठेपणानुसार मांडणे), आणि ते शब्द वापरल्यावर वाचणाऱ्याने दुसरे काही समजावे ही अपेक्षाच चुकीची आहे. एकमेकांत न मिसळणारे दोन शब्द कोणी सुचवू शकेल का?

रूढार्थी

विद्यार्थ्यांचा काहीही दोष नाही. ‘क्रम’ या शब्दाला आपण दोन अर्थांनी राबवतो. वस्तू ज्या ओळीने उभ्या आहेत ती ओळ म्हणजेही क्रम, आणि एखाद्या निकषाने त्या ज्या ओळीने उभ्या असायला हव्यात ती ओळ म्हणजेही क्रम. ‘उलटा क्रम’ म्हटले की पहिल्या अर्थाने रिव्हर्स होते आणि दुसऱ्या अर्थाने उतरती मांडणी होते.

शब्द निवडण्याआधी दोन क्रियांमधला फरक पक्का धरावा. रिव्हर्स करताना पहिला घटक शेवटच्याच्या जागी जातो, दुसरा उपान्त्याच्या जागी, आणि यादीच्या निम्म्या लांबीइतक्या अदलाबदली झाल्या की काम संपते. घटकांच्या आत काय आहे याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पायथन ३ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एकाच यादीत आकडे आणि शब्द मिसळून ठेवले तरी ती निमूटपणे उलटते. तीच यादी सॉर्ट करायला सांगितली, तर आकडा आणि शब्द यांत लहान कोण हे ठरवता येत नाही अशी तक्रार करून ती आज्ञा थांबते. सॉर्ट करण्यापूर्वी ‘कशानुसार?’ असा प्रश्न विचारावाच लागतो, आणि रिव्हर्सच्या बाबतीत तो प्रश्न निरर्थक आहे. त्यामुळे एकासाठी ‘क्रमवारी लावा’ आणि दुसऱ्यासाठी ‘उलटवा’ हे शब्द पुरेसे आहेत. ‘उलटी करा’मधला ओंगळपणा ‘उलटवा’मध्ये राहत नाही.

तत्सम

‘उलटवा’ म्हटल्यावर गाडी उलटल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. आपल्याकडे अनुलोम आणि विलोम ही तयार जोडी असताना असे गावठी पर्याय कशाला शोधायचे? विलोमकाव्यात ओळ शेवटाकडून आरंभाकडे वाचतात, म्हणजे क्रिया तंतोतंत हीच आहे. रिव्हर्ससाठी ‘विलोमन’ आणि सॉर्टसाठी ‘अनुक्रमण’ हे शब्द एकदा पाठात रुळले की गोंधळाला जागा उरणार नाही. ‘क्रमवारी’ला माझा विरोध आहे, संस्कृत ‘क्रम’ला फारसी ‘वार’चे शेपूट जोडलेला तो धेडगुजरी शब्द आहे.

अर्धविराम

धेडगुजरी असो वा नसो, खेळाडूंच्या क्रमवारीपासून विद्यापीठांच्या क्रमवारीपर्यंत तो शब्द सर्वांच्या तोंडी आहे, तर ‘अनुक्रमण’ हा शब्द मी आपल्या प्रतिसादात प्रथमच वाचला. शिवाय ‘वार’ फारसीच आहे हे आपण कशावरून ठरवले? पाळी या अर्थाचा ‘वार’ संस्कृतातही आहे.

मला मात्र दोन्ही बाजूंचा आटापिटा अनाठायी वाटतो. काम करणारी माणसे ‘सॉर्ट कर’ आणि ‘रिव्हर्स कर’ असेच म्हणतात, आणि त्यांच्यात कधीही गैरसमज होत नाही. मूळ इंग्रजी शब्दही काही शुद्ध, नेमका असा नव्हता. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नूथ यांनी १९७३ साली या विषयावरच्या आपल्या ग्रंथखंडाच्या आरंभीच नोंदवले आहे की ‘सॉर्ट’चा कोशातला अर्थ प्रकारांनुसार वेगळे करणे असा आहे आणि प्रोग्रॅमर मात्र तो चढत्या-उतरत्या मांडणीसाठी वापरतात. अधिक योग्य शब्द त्यांना दिसत होता, पण त्या शब्दाला आधीच इतके अर्थ चिकटलेले होते की तो घेतल्याने गोंधळ वाढलाच असता. कोशाप्रमाणे भाषांतर केले तर आपल्याला ‘वर्गवारी’ म्हणावे लागेल, आणि मग विद्यार्थी सम आणि विषम आकडे वेगळे करत बसतील.

पुरवणी

एक बारकावा कोणी मांडला नाही, तो मांडतो. ‘उतरता क्रम’ आणि ‘चढता क्रम लावून मग उलटवलेली यादी’ या दोन गोष्टी एकच आहेत असे वरचे सगळे प्रतिसाद गृहीत धरतात असे दिसते. त्या एक नाहीत.

समजा, यादीत क ला ८ गुण, ख ला ५, ग ला ८ आणि घ ला ५ गुण आहेत, आणि ते याच ओळीने नोंदवलेले आहेत. पायथनमधल्या सॉर्टला ‘रिव्हर्स’ हा पर्याय देऊन गुणांनुसार उतरती मांडणी मागितली, तर क, ग, ख, घ अशी यादी मिळते. समान गुणांच्या नोंदी मूळच्या ओळीनेच राहतात. याउलट आधी चढती मांडणी केली तर ख, घ, क, ग अशी यादी येते, आणि ती उलटवली की ग, क, घ, ख. गुणांचा उतार दोन्हीकडे सारखाच आहे, परंतु समान गुणांच्या जोड्यांची अदलाबदल झाली आहे. म्हणजे त्या पर्यायाचे नाव ‘रिव्हर्स’ असले तरी तो यादी उलटवत नाही, तुलनेची दिशा उलटवतो. चौकस यांच्या सहकाऱ्यांनी निदान या पर्यायाच्या वर्णनात तरी ‘उलट्या क्रमाने लावा’ हे वाक्य खुशाल ठेवावे. तिथे ते अगदी चपखल बसते.

गंमत अशी की सॉर्टच्या पोटातही रिव्हर्स दडलेले असते. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेली पद्धत यादीत आधीपासून काटेकोरपणे उतरत गेलेला तुकडा शोधते आणि तो सरळ उलटवून चढता करून घेते. ‘काटेकोरपणे’ ही अट याचसाठी आहे, कारण तुकड्यात दोन समान घटक असते, तर उलटवताना त्यांची ओळ बिघडली असती.

रूढार्थी

पुरवणी यांचा मुद्दा मान्य. त्याला जोडून असे म्हणता येईल की यादी दोनदा उलटवली की मूळ यादी परत मिळते, तर दोनदा क्रमवारी लावली तर दुसऱ्या वेळी काहीच घडत नाही आणि मूळ ओळ कायमची हरवते. ज्या शब्दातून परत फिरण्याची शक्यता सूचित होते तो रिव्हर्ससाठी अधिक योग्य ठरेल. ‘पालटा’ कसा वाटतो?

तत्सम

‘पालटणे’ म्हणजे बदलणे. यादीतला एक आकडा बदलला तरी यादी पालटली असे म्हणता येईल. ‘विलोमन’ला अद्याप कोणी सबळ आक्षेप घेतलेला नाही, हे नमूद करतो.

काना

आक्षेप मी घेतो. विलोमकाव्य अक्षरागणिक उलट वाचतात, आणि संगणक तसे वाचत नाही. ‘मराठी’ हा शब्द अक्षरांनी उलटवला तर ‘ठीराम’ होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, मात्र काना आणि वेलांटी हे स्वतंत्र घटक असल्यामुळे साध्या आज्ञेने उलटवल्यावर सगळ्यात पुढे एकटी वेलांटी येते, आणि मग ठ ला ती सोडून र चा काना मिळतो. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य मोकळ्या जागा वगळल्या तर दोन्हीकडून सारखेच वाचता येते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे; परंतु त्यातले घटक उलटवले की पहिल्याच जागी निराधार काना उभा राहतो आणि प्रोग्रॅम ‘सारखे नाही’ असे उत्तर देतो. ‘चिमा काय कामाची’ तर अक्षरांनी तपासले तरी ऱ्हस्व-दीर्घामुळे नापास होते. तेव्हा विलोम या शब्दामागची कल्पना आणि यादीचे रिव्हर्स यांत अंतर आहे.

तत्सम

हा दोष घटक कशाला म्हणायचे याचा आहे, विलोमनाचा नव्हे. अक्षरांची यादी द्या, उत्तर बरोबर येईल.

चौकस

चर्चा उद्बोधक आहे, परंतु मला पाठ पुढे पाठवायचा आहे. तूर्त ‘यादी शेवटापासून सुरुवातीपर्यंत मांडा’ आणि ‘यादीची क्रमवारी लावा’ असे लिहितो. मूळ यादी तशीच ठेवून नवी यादी देणाऱ्या आज्ञा वेगळ्या आहेत; त्यांच्यासाठी ‘क्रमवारी लावलेली यादी द्या’ अशी रचना आपोआप मिळते, हा मराठीचा फायदा आहे. सरावासाठी आकड्यांऐवजी मराठी शब्दांची एक यादी घेत आहे: महिना, मळा, मवाळ.

अर्धविराम

ही यादी घेऊ नये, निदान इतक्या आरंभी तरी नको. पायथनची साधी आज्ञा मळा, मवाळ, महिना असे उत्तर देईल, कारण युनिकोडमध्ये ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, त्यामुळे विद्यार्थी मवाळ, महिना, मळा असे लिहितील आणि तेच बरोबर असेल.

रूढार्थी

बरोबर कसे? उत्तर निकषावर अवलंबून आहे, आणि पाठात निकष सांगितलेला नाही. ज्या कोशांत क्ष आणि ज्ञ शेवटी येतात आणि ज्यांत ते क आणि ज खाली येतात, अशा दोन्ही परंपरा आपण चालवून घेतो. मग युनिकोडचा क्रम तेवढा चूक कसा?

तत्सम

कारण तो क्रम मराठीचा नाही. ळ ला ल च्या शेजारी बसवणे हे मला तरी मुळीच मान्य नाही.