आनंदात सहावा, विकासात बासष्टावा: कोस्टा रिकाचा कोणता क्रमांक खरा मानावा?

सह्यकडा (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वाचनालयातील अभ्यासगटासाठी देशादेशांतील जीवनमानावर टिपण लिहिताना मी एका कोड्यापाशी अडलो आहे. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात कोस्टा रिका सहाव्या स्थानी आहे आणि अमेरिका चोविसाव्या. त्याच वर्षीच्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात मात्र अमेरिका सतरावी आहे, तर कोस्टा रिका बासष्टावा. दोन्ही याद्यांमागे अनेक वर्षांचे गंभीर काम आहे, तरीही एकाच देशाच्या स्थानात छप्पन्न पायऱ्यांचे अंतर पडते. यांपैकी एक यादी सदोष समजावी का? आणि सामान्य माणसाचे जगणे कोठे बरे, हे सांगताना कशाचा आधार घ्यावा?

आकडेमोड (उत्तर)

मानव विकास अहवालातील क्रमांक मानव विकास निर्देशांकावर ठरतो. तो निर्देशांक उकलून पाहिला की कोड्याचा अर्धा भाग सुटतो. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली तो सुरू झाला आणि अमर्त्य सेन यांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एकाच आकड्याला तितकाच सुटसुटीत पर्याय हवा होता, म्हणून आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न एवढ्या तीनच गोष्टी त्यात घेतल्या गेल्या. २०१० पासून या तिन्हींचा भूमितीमध्य (बेरजेऐवजी गुणाकारावर आधारलेली सरासरी) काढतात, त्यामुळे एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या बळावर सहज झाकता येत नाही.

आता कोस्टा रिका पाहा. जन्मावेळच्या अपेक्षित आयुर्मानात तो अमेरिकेच्या पुढे आहे! मागे पडतो तो अन्य दोन ठिकाणी. क्रयशक्ती समतेने, म्हणजे देशादेशांतील किमतींचा फरक लक्षात घेऊन, मोजलेले त्याचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या सुमारे एक तृतीयांश आहे. उत्पन्नाचा लॉगरिदम घेत असल्यामुळे पाच हजार डॉलरांचे दहा हजार झाले काय किंवा तीस हजारांचे साठ हजार झाले काय, निर्देशांकात सारखीच भर पडते. पंचाहत्तर हजारांच्या पुढचे उत्पन्न तर धरलेच जात नाही. म्हणजे श्रीमंतीचे पारडे मुद्दाम हलके केलेले आहे, आणि तरीही तिपटीचा फरक जाणवतोच.

दुसरी बाब शालेय वर्षांची. पंचविशी ओलांडलेल्या सर्व प्रौढांनी सरासरी किती वर्षे शिक्षण घेतले, हा आकडा अमेरिकेत जवळजवळ १४ आहे आणि कोस्टा रिकात ९ हून कमी. साठ वर्षांपूर्वी जिची शाळा चौथीनंतर सुटली, ती आजी हयात असेपर्यंत या सरासरीत मोजली जाते. आजच्या शाळा कितीही सुधारल्या तरी हा आकडा पिढ्यांच्या गतीनेच सरकतो. बासष्टाव्या क्रमांकात त्या देशाच्या भूतकाळाचा मोठा अंश आहे, असे मी म्हणेन.

दूरदेशी (उत्तर)

कामानिमित्त मी तीन वर्षे कोस्टा रिकाची राजधानी सान होसेजवळ राहिलो, म्हणून आयुर्मानाच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. तेथील सार्वजनिक आरोग्यविमा संस्था १९४१ मध्ये स्थापन झाली आणि १९४८ मध्ये देशाने सैन्यच बरखास्त केले. १९९० च्या दशकात प्राथमिक आरोग्यपथके उभी राहिली: काही हजार लोकवस्तीमागे एक डॉक्टर, एक परिचारिका आणि घरोघर जाऊन रक्तदाब, लसीकरण, गरोदर स्त्रियांची नोंद ठेवणारा एक प्रशिक्षित कार्यकर्ता. आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंकडे तो कार्यकर्ता येत असे, तेव्हा मला गावाकडच्या आशाताई आठवत. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी प्रतीक्षा लांबते, ही तक्रार मी तेथेही सतत ऐकली, आणि ती खरी आहे. परंतु आजारी पडण्याआधीच कोणीतरी दार ठोठावते, ही गोष्ट कमी उत्पन्नात दीर्घ आयुष्य कसे मिळते याचे बरेचसे उत्तर देते.

सह्यकडा

दोघांचेही मनापासून आभार. मग सहावा क्रमांक कसा येतो? उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार असे सहा घटक मिळवून आनंदाचा क्रमांक काढतात, असे मी टिपणात लिहिले आहे.

शेवटची पायरी (उत्तर)

ते वाक्य कृपया बदलावे, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. ते सहा घटक देशादेशांतील फरकाचा अर्थ लावण्यासाठी नंतर वापरले जातात. क्रमांक एकाच प्रश्नावर ठरतो. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पावी, सर्वांत वर आपल्या दृष्टीने शक्य तितके उत्तम आयुष्य आणि तळाशी सर्वांत वाईट; आज आपण कोणत्या पायरीवर आहोत? प्रत्येक देशात वर्षाला साधारण हजार लोकांना हे विचारून तीन वर्षांची सरासरी घेतात. कोस्टा रिकाची सरासरी ७.२७ आली, अमेरिकेची ६.७२. अठरा क्रमांकांचे अंतर म्हणजे जेमतेम अर्धी पायरी आहे. नमुना एवढा लहान असताना लगतच्या क्रमांकांमधील फरकाला तर फारसा अर्थ उरत नाही.

लॅटिन अमेरिकी लोक उत्पन्नाच्या मानाने वरची पायरी सांगतात, हे अनेक वर्षे दिसत आले आहे. त्यात उत्तर देण्याची रीत किती आणि नात्यांची ऊब किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. तरी त्याच अहवालातील एक नोंद मला महत्त्वाची वाटते: २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे चारांपैकी एका व्यक्तीने आदल्या दिवशीची सर्व जेवणे एकट्याने घेतल्याचे सांगितले.

‘सामान्य माणूस’ या शब्दाबद्दलही सावध राहावे. कोस्टा रिकातील उत्पन्नाची विषमता ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या सदस्य देशांत फार वरच्या पातळीची आहे, आणि दोन्ही क्रमांक सरासरीवर उभे आहेत. महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात मुंबई सर्वांत वर आणि गडचिरोली तळाशी होती. राज्याच्या एका आकड्यात या दोन्ही ठिकाणचे जगणे दिसणे शक्य नव्हते. ओईसीडीने २०११ मध्ये काढलेल्या निर्देशांकात अकरा विषयांचे वजन वाचकाने स्वतः ठरवायचे असते. अभ्यासगटातील प्रत्येकाला ते ठरवायला सांगावे, म्हणजे यादी कशी उलटीपालटी होते ते सर्वांना दिसेल.

सुरक्षितताही त्या अकरांत आहे. मानव विकास निर्देशांकात तिला जागा नाही, आणि २०२३ मध्ये कोस्टा रिकात नऊशेहून अधिक खून झाले, तो त्या देशाचा तोवरचा उच्चांक होता. टिपणात कोस्टा रिकाचे कौतुक करताना हा आकडा त्याच परिच्छेदात असावा.