सुट्टी, मुलं आणि पाणी : तुमचे अनुभव

सासूबाई म्हणतात पाण्याजवळ फिरकू देऊ नका, नवरा म्हणतो पोहायला घाल, विषय संपला. आमच्याकडे दर मे महिन्यात हाच वाद. तुम्ही मुलांना कसं शिकवलंत, कुठे फसलात? उपदेश नको, घडलेलं लिहा.

दादर
लेक जलतरण तलावात आरामात पोहते म्हणून मी निर्धास्त. गेल्या वर्षी मालाडच्या अक्सा बीचवर गेलो. पाणी तिच्या गुडघ्याएवढंच होतं, पण लाट परतताना पायाखालची वाळू सरकली आणि ती बसकण मारून पडली. तिच्या बाबानं दंड धरून उचलली. घरी येईपर्यंत गप्प. रात्री म्हणाली, "आई, खाली टाइल्सच दिसत नव्हत्या." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तलावात तळ दिसतो, कठडा हाताशी असतो. समुद्रात दोन्ही नाही. आता सर तिला फ्रॉक-लेगिंग्ज घालून उताणं तरंगायला लावतात. कपडे भिजले की किती जड होतात, ते तिला तिथेच कळलं.

वर्सोवा
आम्ही कोळीवाड्यातले. आजोबांनी शिकवलेला भरतीच्या वेळेचा हिशेब मी पोरांना देतो : तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी तिथून साधारण सव्वासहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा खेळ वरच्या वाळूत. आणखी एक : भरती नेहमी समोरूनच येत नाही. तुम्ही उभे असता तो उंचवटा कोरडाच राहतो आणि मागच्या खोलगट भागात पाणी शिरतं. मुंबईकर पाहुणे सेल्फी काढताना समुद्राकडे पाठ करतात, ते बघून आमच्या आईचा जीव वरखाली होतो.

कांदिवली
समुद्राचं जाऊ द्या. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, म्हणून टब भरून ठेवायची सवय. दीड वर्षाचा मुलगा टबातला मग काढायला वाकला आणि डोक्याकडून आत गेला. मी दोन हातांच्या अंतरावर भाकरी थापत होते. ना रडणं, ना धडपडीचा आवाज. घर एकदम शांत वाटलं म्हणून वळून पाहिलं, एवढंच. तो वाचला. आता बाथरूमला बाहेरून कडी आणि टब उपडा.

विलेपार्ले
सहलीला पूलच्या काठी आम्ही अकरा मोठी माणसं, प्रत्येकाला वाटलं दुसरा बघतोय. आता एक लाल टोपी ठरलीय. ज्याच्या डोक्यावर ती, त्याचा फोन पिशवीत, नजर पाण्यावर. पंधरा मिनिटांनी टोपी पुढच्याला.

मुलुंड
मुलाला विचारलं, मित्र बुडायला लागला तर काय करशील? "उडी मारीन!" दहा वर्षांचा आहे. बुडणारा गळ्याला मिठी मारतो, दोघंही जातात, हे सांगून पटेना. मग तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या डब्याला बूच घट्ट लावून दोरी बांधली. आधी ओरडून मोठ्यांना बोलवायचं, मग डबा फेकायचा. सोसायटीच्या आवारात सराव चालतो. काल डबा वॉचमनच्या खुर्चीखाली गेला.