मदत हवी आहे: माळढोक आणि तणमोर

निसर्ग मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी या दोन पक्ष्यांची तुलना करतेय, पण गाडी उपायांपाशी अडलीय. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत दोघंही ‘अतिसंकटग्रस्त’. माळढोक २०११ पासून, तणमोर २०२१ पासून. दुखणी मात्र वेगळी. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, त्यात या जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा वेळेत दिसत नाहीत. तणमोराची तीन-चार अंडी असतात, पण विणीचा हंगाम ऐन पावसाळ्यात आणि घरटं कधी कधी थेट पिकात, म्हणजे कोळपणी-फवारणीच्या तोंडावर. (नर तर गवतातून उड्या मारून स्वतःच पत्ता सांगतो!) माळढोकासाठी सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं, शेतातल्या घरट्याला कुंपण कुठे घालणार? अकोला-वाशीमकडे तणमोराचं घरटं राखण्यासाठी शेतकऱ्यांसोबत काय केलं जातं? तिकडचं कुणी आहे का इथे?