बाबांच्या पोटातली पेग नळी काढायची आहे: ओढून की दुर्बिणीने?

पक्षाघातानंतर बाबांना गिळता येईना म्हणून पेग नळी (पोटाच्या कातडीतून थेट जठरात अन्न सोडायची नळी) बसवली, त्याला दीड वर्ष होत आलं. गेले दोन महिने ते सगळं तोंडानेच खातायत, वजन टिकून आहे, गिळण्याची तपासणीही नीट आली. नळीत आता फक्त पाणी सोडतो, तुंबू नये म्हणून.

अडलंय ते कशी काढायची यावर. एक डॉक्टर म्हणतात, बाहेरूनच ओढू, पाच मिनिटांचं काम. दुसरे म्हणतात, नळीला आतून अडकवून ठेवणारी चकती कडक असेल तर दुर्बीण घालून तोंडावाटेच काढावी लागेल. तिसरा मार्ग म्हणजे नळी कातडीलगत कापायची आणि आतला तुकडा शौचावाटे जाऊ द्यायचा. हे ऐकून आईने हातच जोडले! त्यात बाबांचं आतड्याचं जुनं ऑपरेशन झालेलं आहे.

डिस्चार्ज कार्डावर नळीची जात लिहिलेलीच नाही, नुसतं 'पेग केले'. काही नळ्या आत चकतीऐवजी फुग्याने अडकवतात म्हणे, पण बाजूला फुगा भरायचं तोंड दिसत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ओढून काढलेल्यांनी सांगा, किती दुखतं? भोक कधी बुजतं?

प्रतिसाद: ताई, फुग्याची असती तर सिरिंजने आतलं पाणी काढलं की अलगद आली असती. तुमची बंपरवाली, म्हणजे आत चकती असलेली दिसतेय. बंपर मऊ असेल तर ओढताना दुमडतो. माझ्या आईच्या वेळी डॉक्टरांनी एका हाताने पोट दाबून धरलं, नळी दुसऱ्या हाताला गुंडाळली आणि एकच हिसका. ती "आई गं" म्हणाली, तोवर नळी बाहेर. भोक काही तासांतच आकसायला लागलं, तिसऱ्या दिवशी गळणं थांबलं. जुन्या नळीला जास्त दिवसही लागू शकतात.

नळीवर काही छापलंय का बघा, फोटो डॉक्टरांना दाखवा. कापून सोडायला मात्र नाहीच म्हणा, जुन्या ऑपरेशनच्या जागी तुकडा अडकू शकतो. गोळी मनाने बंद करू नका. आणि नळी गोल फिरते ना?

धागाकर्ती: आत्ता बघितलं. फिरत नाहीये, आतही सरकत नाही. आठवड्यातून एकदा फिरवायला सांगितलं होतं, पण फीड बंद झाल्यापासून आम्ही ते सोडूनच दिलं होतं.

प्रतिसाद: मग बंपर पोटाच्या भिंतीत रुतला असेल. जोर लावू नका, कुणाला ओढूही देऊ नका. उद्याच दुर्बीणवाल्या डॉक्टरांना हे सांगा.