शब्दचर्चा : खेड्यातल्या लहान चर्चला ‘चॅपेल’ म्हणावं का?

प्रश्न

एका प्रवासवर्णनाचं भाषांतर करते आहे. लेखक खेड्यातल्या एका चर्चमध्ये जातो. एकच दालन, चुना दिलेल्या भिंती, लाकडी बाक, रंगीत काचा नाहीत, मनोराही नाही. घंटा बाहेर लाकडी चौकटीला टांगलेली. गावाचा त्या वास्तूवर फार जीव. मूळात ‘चर्च’च आहे, पण लहान म्हणून मी ‘चॅपेल’ लिहिलं. संपादकांना ‘प्रार्थनामंदिर’ हवं आहे. जाणकारांनी सांगावं.

उत्तर

‘चॅपेल’ नको. लहान चर्च म्हणजे चॅपेल हा समज सर्रास दिसतो, पण तो शब्द आकारावरून ठरत नाही. लॅटिन ‘कापेल्ला’ म्हणजे लहान झगा. तूरच्या संत मार्टिननी आपला झगा अर्धा कापून एका भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. तो झगा जिथे जपून ठेवला, त्या जागेला हे नाव पडलं. पुढे राजवाडा, रुग्णालय, तुरुंग यांच्या आवारातलं किंवा मोठ्या चर्चच्या पोटातलं प्रार्थनास्थळ, असा अर्थ रूढ झाला. तुमचं चर्च अख्ख्या गावाचं आहे. ते कितीही चिमुकलं असलं तरी चर्चच. ‘कॅथीड्रल’चंही असंच. ‘काथेद्रा’ म्हणजे आसन. बिशपचं आसन जिथे, ते कॅथीड्रल. इमारत केवढीही असो.

‘प्रार्थनामंदिर’ कळायला सोपं आहे, पण मराठी वाचकाचं मन त्या शब्दाने 1867मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाकडे वळतं. ‘इगर्जी’ मला स्वतःला फार आवडतो. मात्र तो पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आलेला, त्याला गोव्याच्या किनाऱ्याचा वास आहे. दुसऱ्या मुलखातल्या खेड्यात तो उपरा वाटेल. तेव्हा सरळ ‘चर्च’ लिहा.

दुसरं उत्तर

वरच्या मताशी सहमत. भर घालते. ‘इग्रेजा’च्या मुळाशी ग्रीक ‘एक्लेसिया’ आहे, म्हणजे बोलावून एकत्र आणलेले लोक. ‘चर्च’ मात्र प्रभूचं घर अशा अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दावरून आला. मराठी बायबलने ‘एक्लेसिया’साठी ‘मंडळी’ हा अस्सल घरातला शब्द घेतला. मत्तयच्या 16व्या अध्यायात खडकावर रचायची आहे ती मंडळी, आणि फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात कुणाच्या घरी जमते तीही मंडळीच. ख्रिस्ती माणसं आजही ‘आमच्या मंडळीत’ असं सहज बोलतात. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘स्थानिक समुदाय’ लिहू नका. वास्तूला चर्च, माणसांना मंडळी.

‘चर्चला भेट दिली’ हेही टाळा. त्याने लेखक पाहुणा अधिकारी वाटतो. ‘चर्चला जाणं’ म्हणजे उपासनेला जाणं, ‘चर्चमध्ये जाणं’ म्हणजे नुसतं आत शिरणं. लेखक रविवारी त्या लोकांबरोबर बाकावर बसला असेल, तर पहिलंच वापरा.

प्रश्न

दोघांचे आभार. ‘साधं’ लिहिलं की काहीतरी उणं असल्यासारखं वाटतं. ‘टुमदार’ कसं? आणि गावाचं प्रेम? ‘प्रिय चर्च’ फारच पत्राच्या मायन्यासारखं वाटतंय.

उत्तर

‘टुमदार’मध्ये देखणेपणा येतो, तो मूळात नसेल तर नको. ‘छोटेखानी’ चालेल. ‘साधं’ला मी घाबरणार नाही, फक्त ते एकटं सोडू नका. चुन्याची भिंत, बाहेर टांगलेली घंटा, हे आधी येऊ द्या. मग ‘साधं’ उणं वाटत नाही. ‘प्रिय’ काढाच. तुम्ही प्रश्नातच छान लिहिलंय: गावाचा जीव आहे. मूळात कुणी बाक पुसत असेल, फुलं आणून ठेवत असेल, तर ते तपशील गाळू नका. प्रेम तिथे दिसेल.

दुसरं उत्तर

व्याकरणाचं एक राहिलं. या अर्थाने ‘मंडळी’ स्त्रीलिंगी एकवचनी: मंडळी जमली, मंडळीने छप्पर दुरुस्त केलं. ‘मंडळींनी’ लिहिलंत तर ती नुसती चार जमलेली माणसं होतात.